टिचकी आणि साद: अतिप्रवाही हेलियमला डिवचलं तर काय होतं?

गेल्या पावसाळ्यात पाठीच्या दुखण्यापायी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सेंटरमध्ये एमआरआय काढायला गेलो होतो. बोगद्यात सरकवण्याआधी टेक्निशियन म्हणाला, "काका, वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही. आवाज होईल, घाबरू नका." मग ती ठकठक सुरू झाली. डोळे मिटून पडल्यापडल्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर द्रव हेलियम आहे, उणे २६९ अंश सेल्सिअसवर. म्हणजे ४.२ केल्व्हिन. आणखी दोनच अंश खाली उतरलं, २.१७ केल्व्हिनच्या खाली गेलं, की हेच हेलियम अतिप्रवाही होतं. मग ते अतिशय बारीक फटींतून निसटतं, भांड्याच्या भिंतीवरून चढून बाहेर येतं, वगैरे वगैरे. हे चमत्कार आपण सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेले असतात. त्यामागचा खरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. या द्रवाला बाहेरून डिवचलं तर तो उत्तर कसं देतो, आणि ते उत्तर आधी कागदावर कसं काढायचं?

गंमत म्हणजे एमआरआय हाही डिवचण्याचाच प्रकार आहे. चुंबकात शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना एक दिशा मिळते, रेडिओलहरीचा एक झटका त्यांना तिरकं करतो, आणि मग ती परतताना जी साद देतात ती मशीन ऐकतं. मला त्या बोगद्यात टिचक्या मारल्या जात होत्या, एवढंच.

टिचकी हा शब्द मुद्दाम वापरतोय. जांभळी नाक्यावर उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलात तर आधी काय करता? उचलता, टिचकी मारता, कान देता. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. माठ फोडून आत बघावं लागत नाही. पदार्थविज्ञानातला प्रतिसाद सिद्धांत म्हणजे ही टिचकी गणितात मांडणं. अट एकच, टिचकी हलकी हवी. दुप्पट जोराने मारली तर आवाज दुप्पट यावा, सूर मात्र तोच राहावा. हातोडा घातलात तर जे ऐकू येईल ते माठाबद्दल नसेल, खापऱ्यांबद्दल असेल.

हलक्या टिचकीचा मोठा फायदा १९५०च्या दशकात नीट मांडला गेला. कॅलन आणि वेल्टन यांनी १९५१ मध्ये, आणि जपानच्या र्‍योगो कुबो यांनी १९५७ मध्ये अधिक व्यापक रूपात दाखवलं की पदार्थ डिवचल्यावर काय उत्तर देणार, ते त्याच्या न डिवचलेल्या अवस्थेतच दडलेलं असतं. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा. कोणी ढकलत नसतानाही गर्दी आपोआप डुलत असते, थोडी पुढे, थोडी मागे. ते डुलणं नीट पाहिलं तर खरा धक्का आल्यावर ती किती आणि कशी सरकेल, याचा अंदाज बांधता येतो. पदार्थाच्या बाबतीत हा अंदाज राहत नाही, काटेकोर समीकरण होतं. निरपेक्ष शून्याजवळही हेलियमचे अणू पुंजभौतिकीमुळे थरथरत असतात. इतके, की साध्या दाबाखाली हेलियम कधी गोठतच नाही. त्याला घन करायला सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो. डुलणं भरपूर, म्हणजे वाचायला मजकूरही भरपूर.

आता पहिली टिचकी. ती मी घरी करून पाहिली, पाण्यावर. इडलीचा स्टँड सुतळीने बाथरूमच्या खुंटीला टांगला, पीळ दिला आणि सोडला. गरगर एकीकडे, मग गरगर दुसरीकडे. मग खाली पाण्याची बादली सरकवून स्टँड बुडवला आणि पुन्हा पीळ दिला. आता तो जडावल्यासारखा हळूहळू फिरत होता. "अहो, उद्या इडल्या करायच्या आहेत त्यात," बायको दारातून म्हणाली. धुऊन देतो म्हटलं. स्टँड हळू का झाला? ताटल्यांमधलं पाणी ताटल्यांना चिकटून त्यांच्याबरोबर फिरतं. म्हणजे फिरवायचं वजन वाढतं. माझ्या प्रयोगात खोट होती, कारण ताटल्या लांब लांब आणि त्यांना इडलीचे खळगे. पण कल्पना हीच.

१९४६ मध्ये अँड्रोनिकाश्विली यांनी हाच प्रयोग हेलियमवर केला. त्यांची चळत पातळ चकत्यांची होती, आणि दोन चकत्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या काही अंशाएवढं, म्हणजे मधला सगळा द्रव ओढला जायलाच हवा. २.१७ केल्व्हिनच्या वर तो ओढला गेलाही. त्याखाली तापमान जसजसं उतरलं तसतशी चळत हलकी होत गेली. द्रव तिथेच होता, पातळीही तीच होती, पण चकत्यांबरोबर फिरणाऱ्या द्रवाचं प्रमाण घटत होतं. १ केल्व्हिनच्या आसपास ते जेमतेम एक टक्का उरतं. बाकीचा द्रव चकत्यांच्या मधोमध असून फिरायला तयार नाही.

सगळ्या विषयाचं मर्म मला इथे दिसतं. द्रवाला ढकलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक समोरून, म्हणजे दाबत नेणारी. दुसरी आडवी, म्हणजे नुसती घासत नेणारी. समोरून ढकललं की प्रत्येक द्रवाला पूर्ण हिशेब द्यावा लागतो, कारण वस्तुमान कुठे पळून जाऊ शकत नाही. साध्या द्रवात आडव्या टिचकीला, ती पुरेशी सावकाश असेल तर, तेवढंच उत्तर मिळतं. अतिप्रवाही हेलियममध्ये आडवं उत्तर कमी येतं. समोरचं उत्तर वजा आडवं उत्तर, बाकी राहील तो अतिप्रवाही भाग. सिद्धांतकार अतिप्रवाहाची व्याख्या अशीच करतात. 'घर्षण नसलेला द्रव' ही व्याख्या मला अपुरी वाटते, आणि थोडी फसवीही.

फसवी कशी, ते इतिहासातच आहे. १९३८च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये दोन टिपणं शेजारी शेजारी छापून आली. एक मॉस्कोहून कपित्झांचं, दुसरं केंब्रिजहून अॅलन आणि मायझनर यांचं. अगदी बारीक फटीतून किंवा नळीतून हेलियम जवळजवळ अडथळ्याशिवाय वाहतं, असं दोघांनाही दिसलं. कपित्झांच्या हिशेबाने त्याची स्निग्धता, म्हणजे चिकटपणा, २.१७ केल्व्हिनच्या वरच्या हेलियमपेक्षा किमान १५०० पटींनी कमी होती. त्याच वर्षी कीसम आणि मॅकवुड यांनी हेलियममध्ये चकती झोके देऊन स्निग्धता मोजली, तर ती चांगली मोजता येण्याजोगी निघाली. द्रव एक, गुणधर्म एक, आणि मोजणी दोन टोकांची. भांडण मिटलं ते असं: फटीत साधा भाग अडकून राहतो आणि फक्त अतिप्रवाही भाग वाहतो, झुलत्या चकतीला फक्त साधा भाग चिकटतो. दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारले, आणि हेलियमने दोन्ही उत्तरं खरीच दिली.

यावरून कोणाला वाटेल की भांड्यात दोन द्रव मिसळलेत, दुधात पाणी मिसळावं तसे. तसं नाही. हा अणू साधा आणि तो अणू अतिप्रवाही, अशी खूण करता येत नाही; सगळे अणू एकसारखे. साधा भाग म्हणजे त्या अणूंमध्ये तापमानामुळे उठलेल्या लहरींचा समुदाय. आणखी एक गल्लत वारंवार वाचायला मिळते: सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांच्या संघननात, म्हणजे असंख्य अणू एकाच पुंज अवस्थेत गोळा होतात त्यात, जेवढे अणू जातात तेवढेच अतिप्रवाही. फ्रिट्झ लंडन यांनी १९३८ मध्ये या दोन गोष्टींची सांगड घातली आणि ती मोलाची ठरली. पण शून्याजवळ हेलियमचा अतिप्रवाही भाग शंभर टक्के असतो आणि संघननात असलेले अणू फक्त सात-आठ टक्के. एक आकडा आडव्या टिचकीचं उत्तर, दुसरा वेगळ्याच मोजणीचा.

दुसरी टिचकी उष्णतेची. चहाचं आधण ठेवलं की तळाशी बुडबुडे धरतात, कारण तळ गरम आणि वरचा भाग त्यामानाने थंड. द्रव हेलियमवरची वाफ पंपाने ओढत त्याला थंड करत गेलं तर तेही असंच खदखदत असतं. २.१७ केल्व्हिन आलं की खदखद एकदम थांबते. काच आणि द्रव इतके निवांत होतात की भांडं रिकामं वाटावं. उकळणं संपलेलं नसतं, वाफ पृष्ठभागावरून निघतच असते. पण उष्णता इतक्या झटपट सगळीकडे पसरते की बुडबुडा धरायला कुठे गरम जागाच उरत नाही.

ती पसरते कशी, हे जास्त नवलाचं. साध्या पदार्थात उष्णता वास पसरावा तशी पसरते, हळूहळू आणि पुसट होत. इथे ती लाटेसारखी जाते. साधा भाग एका दिशेला, अतिप्रवाही भाग उलट्या दिशेला. एकूण घनता जवळपास जागच्या जागी, आणि तापमानाची लाट पुढे. याला दुसरा ध्वनी म्हणतात. पहिला ध्वनी, म्हणजे दाबाची नेहमीची लाट, हेलियममध्ये सेकंदाला सुमारे २३८ मीटर धावतो. दुसरा १ ते २ केल्व्हिनच्या मधल्या बऱ्याच पट्ट्यात २० मीटरच्या आसपास. तिसा आणि लांडाऊ यांच्या सिद्धांतांतून ही लाट आधी कागदावर निघाली होती. लिफ्शिट्झ यांनी गणित करून दाखवलं की थरथरणाऱ्या पत्र्याने ती जवळजवळ उठतच नाही. तापमान वरखाली करणारी तार हवी. पेश्कोव यांनी १९४४ मध्ये तशी तार वापरली आणि लाट सापडली. टिचकी कुठे मारायची हेही सिद्धांतालाच सांगावं लागलं.

आता तिसरी टिचकी, माझी सर्वात आवडती. इथे तलावपाळीला जावं लागेल.

मासुंदा तलावात पायडलची होडी घेतलीत तर एकदा करून बघा. काठावरून एक बारीक काटकी घेऊन जा, ती पाण्यात उभी धरा आणि होडी अगदी हळू चालू द्या. पाण्यावर काही उमटत नाही. थोडा वेग वाढवा, आणि काटकीच्या पुढे बारीक वक्र सुरकुत्या एकाएकी उमटतात. भाचीला घेऊन गेलो होतो तेव्हा तिने तीनदा करून खात्री केली, मग विचारलं, "मामा, हळू असताना का नाही येत?" कारण पाण्यावरच्या कोणत्याही लाटेला सेकंदाला सुमारे २३ सेंटीमीटरपेक्षा हळू जाता येत नाही. लांब लाटा गुरुत्वामुळे वेगवान, आखूड लाटा पृष्ठताणामुळे वेगवान, मध्ये कुठेतरी हा किमान वेग. काटकी त्याहून हळू असेल तर तिच्या जोडीने चालू शकेल अशी लाटच पाण्यापाशी नसते. मग लाटा उठवण्यात काटकीची ऊर्जा जात नाही. पाण्याचा चिकटपणा तिला तरीही अडवतोच, पण तो खर्च निराळा.

लांडाऊ यांनी १९४१ मध्ये हेलियमसाठी जवळपास हाच मुद्दा मांडला. त्यातलं गणित मी वाशीच्या बाजार समितीच्या भाषेत सांगतो, कारण ते खरोखर भावाचंच गणित आहे. द्रवातून जाणारी जड वस्तू द्रवाला ऊर्जा आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) एकत्रच देऊ शकते, सुटे नाही. तिने थोडा संवेग दिला तर त्याबरोबर जाणारी ऊर्जा म्हणजे तो संवेग गुणिले तिचा वेग. म्हणजे वस्तूचा वेग हाच तिचा भाव: एका एककभर संवेगामागे ती इतकीच ऊर्जा मोजू शकते. समोर द्रवाच्या गाळ्यावर लहरी मांडलेल्या आहेत. प्रत्येक लहरीची ऊर्जा ठरलेली, संवेग ठरलेला, म्हणून तिचा भावही ठरलेला. गिऱ्हाइकाचा भाव गाळ्यावरच्या सर्वात स्वस्त मालापेक्षा कमी असेल तर सौदा होत नाही. वस्तूची ऊर्जा तिच्याकडेच राहते, आणि घर्षण शून्य.

एकमेकांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या अणूंचा वायू घेतला तर तिथे कितीही स्वस्त माल मिळतो, कारण सावकाश अणूचा भाव शून्याकडे जातो. म्हणून नुसतं संघनन पुरत नाही, अणूंनी एकमेकांना ढकलायलाही हवं. हेलियममध्ये लांब लहरींचा, म्हणजे ध्वनीच्या फोनॉनांचा भाव २३८ मीटर प्रतिसेकंद. पण यादीत पुढे एक स्वस्त माल आहे, त्याचं नाव रोटॉन. त्याला किमान ऊर्जा लागते ती ८.६५ केल्व्हिन तापमानाएवढी, आणि तरंगलांबी सुमारे ३.३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), जवळपास शेजारच्या दोन अणूंमधल्या अंतराएवढी. भागाकार केला तर भाव सुमारे ५८ मीटर प्रतिसेकंद. ताशी २१० किलोमीटरच्या जवळपास.

रोटॉन स्वस्त का, याचं उत्तर फाइनमन यांनी १९५० च्या दशकात दिलं, आणि त्यात पुन्हा ते न डिवचलेलं डुलणं येतं. त्यांच्या सूत्राचा अर्थ असा: द्रवाचे अणू आपणहून ज्या अंतराने उभे राहतात, त्याच अंतराची लहर उठवायला कमी खर्च येतो. जे अर्धं झालंय ते पूर्ण करायला किती लागणार? सूत्राने ऊर्जेच्या आलेखातली खोलगट जागा बरोबर दाखवली, पण खोली चुकली. रोटॉन खऱ्यापेक्षा जवळपास दुप्पट महाग निघाला. १९५६ मध्ये फाइनमन आणि कोहेन यांनी दुरुस्ती केली. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये दाराकडे सरकणारा माणूस पाहा. तो एकटा सरकत नाही. त्याच्या पुढचे बाजूला होतात, वळसा घालून मागे येतात, त्याची रिकामी जागा भरतात. अणू सरकताना भोवतीच्या अणूंचा हा उलटा प्रवाह गणितात घेतला, तर रोटॉनचा भाव बराच खाली, खऱ्या आकड्याजवळ आला. अगदी तंतोतंत नाही, पण दिशा पटली.

हा आलेख थेट मोजला तो न्यूट्रॉनांनी. वाशीच्या पुलावरून गाडी जाताना दक्षिणेला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी भाभा केंद्राची ध्रुव अणुभट्टी आहे, १९८५ पासूनची, १०० मेगावॉटची, आणि तिच्यातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांच्या झोतांवर पदार्थांची अंतर्रचना तपासली जाते. हेलियमचे ते जुने गाजलेले प्रयोग १९५०च्या दशकाअखेरीस आणि १९६१ पर्यंत परदेशातल्या अणुभट्ट्यांवर झाले, कॅनडातल्या चॉक रिव्हरला हेनशॉ आणि वूड्स यांचा त्यातला ठळक. पण तऱ्हा अशीच. सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाचा न्यूट्रॉन हेलियममध्ये सोडायचा आणि तो किती वळला, किती मंदावला ते पाहायचं. वळण म्हणजे दिलेला संवेग, मंदावणं म्हणजे दिलेली ऊर्जा. हा सर्वात हलक्या हाताचा टिचकीबाज. एका न्यूट्रॉनने एक लहर उठवली की हिशेब संपला.

उत्तर कमालीचं नेटकं आलं. ठरावीक संवेगाला ठरावीकच ऊर्जा, आलेखात सुईसारखं टोक. लांडाऊ यांनी १९४७ मध्ये उष्णतेच्या मोजण्यांवरून जी खोलगट रेषा काढली होती, तीच न्यूट्रॉनांनी काढून दाखवली. तापमान २.१७ केल्व्हिनच्या वर नेलं की ते टोक पसरतं, पुसट होतं, बद्द वाजणाऱ्या माठासारखं. खूप थंड हेलियममध्ये आणखी एक गोष्ट दिसते. न्यूट्रॉन ऊर्जा देऊन येतो, घेऊन जवळजवळ कधीच येत नाही, कारण द्रवापाशी द्यायला काही उरलेलंच नसतं.

इथवर सगळं सुरेख. पण नळीतून हेलियम वाहवताना ५८ मीटरचा भाव कोणाला सहसा मिळत नाही. अतिप्रवाह त्याच्या कितीतरी आधी मोडतो, सेकंदाला काही सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी वेगाला. लांडाऊ चुकले का? नाही. गाळ्यावर आणखी एक माल होता, जो हलक्या टिचकीच्या यादीत येत नाही: भोवरे. ऑनसागर यांनी १९४९ मध्ये आणि मग फाइनमन यांनी सांगितलं की हेलियममधला भोवरा मनाला येईल तेवढ्या जोराचा असू शकत नाही. त्याचं अभिसरण, म्हणजे फिरण्याचा जोर, प्लँकचा स्थिरांक भागिले हेलियम अणूचं वस्तुमान, किंवा त्याच्या पूर्ण पटीत. विनेन यांनी १९६१ मध्ये थरथरत्या तारेने असा एकेक मोजला. मोठ्या नळीत असे भोवरे ताणून लांबवायला फार मोठा भाव लागत नाही. भिंतीवरच्या खडबडीत कंगोऱ्यांपाशी ते आधीच अडकून बसलेलेही असतात. हे हातोड्याचं क्षेत्र. इथे दुप्पट धक्क्याला दुप्पट उत्तर मिळत नाही, आणि आत्तापर्यंतचं सुटसुटीत गणित हात टेकतं.

मग ५८ चा आकडा कधी तपासायचा? त्यासाठी गिऱ्हाईक इतकं लहान हवं की त्याला भोवरा उठवणं अवघड जावं. इलेक्ट्रॉन हेलियममध्ये सोडला की तो अणूंना दूर सारून स्वतःभोवती एक-दोन नॅनोमीटर त्रिज्येचा बुडबुडा करतो. विद्युतक्षेत्राने हा बुडबुडा ओढायचा. साध्या दाबाला तो भोवऱ्यात अडकतो, म्हणून हेलियम गोठण्याच्या बेताला येईल इतका दाब द्यायचा. त्या दाबाखाली रोटॉन आणखी स्वस्त होतो, भाव सुमारे ४५ मीटरवर येतो. इंग्लंडमधल्या लँकेस्टरला १९७० च्या दशकात हे मोजलं गेलं. वेग त्या आकड्यापर्यंत जाईस्तोवर बुडबुड्याला अडवणारं जवळजवळ काही नव्हतं. तो आकडा ओलांडल्याबरोबर रोटॉन सुटायला लागले आणि ओढ जाणवू लागली. तलावपाळीच्या काटकीपुढे सुरकुत्या उमटतात, तशीच.